दुसऱ्यासाठी मळलेली माती

हणमंताचा उजवा खांदा मी मोडला, आणि तो त्याच्याच चुकीनं मोडला असं मी वस्तादांना सांगितलं. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहायला मला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं. माझ्या सत्कारात, निवडीच्या कौतुकात, शाळेत पोरांना सांगितलेल्या गोष्टींत मी त्या कुस्तीबद्दल अनेकदा बोललो आहे. दर वेळी ती कुस्ती मी जिंकलेली असायची आणि हणमंत दुर्दैवी असायचा. या प्रकरणात मी ती जशी झाली तशी लिहिणार आहे.

आमची वाडी जामखेडच्या पूर्वेला, मुरमाड माळावर. आमचं घर तालमीच्या भिंतीला भिंत लावून होतं, त्यामुळे माझ्या लहानपणीचे आवाज म्हणजे भिंतीपलीकडचे आवाज. पहाटे कुस्तीच्या मातीचा हौदा उकरणाऱ्या फावड्याची खरखर, मग जोर मारणाऱ्यांचे श्वास, मग मांडीवर पडणारा चिंचेचा फोक. तो फोक बापू वस्तादांचा. आई चुलीपुढं भाकरी थापता थापता कान देऊन ऐकायची आणि आज कुणाची पाळी आहे ते आवाजावरून ओळखायची. मी तालमीत जायला लागल्यावर तिनं ऐकणं सोडलं. त्या वेळी ती मुद्दाम भांडी घासायला घ्यायची. वस्तादांचे दोन्ही कान कुस्तीत चेपून वाळलेल्या अंजिरासारखे झाले होते. रडणाऱ्याला ते दुसरा फोक मारत आणि न रडणाऱ्याला तिसरा. एकदा माझी मान पकडीतून निसटत नव्हती म्हणून त्यांनी माझं तोंड मातीत दाबून धरलं, आणि डोळ्यांपुढं लाल दिसेपर्यंत सोडलं नाही. सोडल्यावर म्हणाले, आता निसटायला शिकशील. खरोखरच शिकलो. आम्ही पोरं त्यांना भ्यायचो आणि त्यांच्या एका शाबासकीसाठी हाडं मोडून घ्यायची तयारी ठेवायचो. आज कुणी मुलांना असं मारलं तर मी स्वतः तक्रार करीन. पण तेव्हा मार हीच आमची भाषा होती. प्रेमही त्याच भाषेत कळायचं.

वस्तादांचा एक नियम मात्र मी दुसऱ्या कुठल्याही तालमीत पाहिला नाही. उद्या ज्या दोघांची कुस्ती, त्याच दोघांनी आज हौदा तयार करायचा. मधोमध काठीनं रेघ ओढायची. अर्धा हौदा एकानं उकरायचा, अर्धा दुसऱ्यानं. ढेकळं फोडायची, पाणी शिंपायचं, ताक आणि हळद असेल तर ती घालायची, आणि माती पायानं मळून मळून अशी करायची की हात घातला तर मनगटापर्यंत गेला पाहिजे. वस्ताद म्हणत, ही माती तुमी सोतासाठी मळत न्हाई, समोरचा पडल तवा त्याच्या पाठीखाली असावी म्हनून मळताय. काम झालं की रेघ पुसायची. मग कोण कुठपर्यंत राबलं ते फक्त राबणाऱ्यालाच ठाऊक.

हणमंत माझ्याच वयाचा. त्याच्या घरचे दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला पुणतांब्याकडे जायचे, आणि तोही जायचा. अर्धं वर्ष तालीम बुडवून परत आला तरी महिन्याभरात तो आम्हा सगळ्यांना खाली घ्यायचा. ऊस तोडून त्याचे खांदे बैलाच्या वशिंडासारखे झाले होते. बोलायचा कमी. कुस्ती संपली की समोरच्याच्या अंगावरची माती स्वतःच्या हातानं झटकायचा. मला ते आवडायचं, आणि त्याच गोष्टीची मला चीडही यायची.

त्या दुष्काळाच्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून टोळ्या गेल्या नाहीत. सगळी वाडी सरकारी कामावर खडी फोडायला जायची. हणमंतही जायचा. त्याच्या हाताच्या बोटांना दगडाच्या कपच्यांनी चिरा पडलेल्या असायच्या, आणि पकड घेतली की त्याचं रक्त आमच्या मनगटाला लागायचं. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातली तांबडी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी तांबडी, चिकट. तव्यावरून काढली की आंबूस वास यायचा, आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. आमच्याकडे मिरचीचा ठेचा आणि एक म्हैस, एवढंच होतं. बाकीच्यांनी जनावरं विकली होती किंवा छावणीत नेली होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, म्हैस घरी ठेवली ती माझ्या खुराकासाठी. तिचं दूध आई फडक्याखाली झाकून ठेवायची आणि धाकट्या बहिणीची नजर तिकडं गेली तर तिच्या पाठीत धपाटा बसायचा. ते दूध मी प्यायचो. बहीण पाहत असायची.

अशा दिवसांत जामखेडहून बातमी आली. सरकार गावोगावच्या तालमींना मदत देणार होतं, छपराला पत्रे, मलखांब, वजनं. शिवाय प्रत्येक तालुक्यातून एक तरुण पैलवान निवडून त्याला नगरच्या तालमीत ठेवणार होतं. राहणं, दूध, बदाम, तूप, सगळं सरकारचं. तालुक्याच्या निवडीत गावोगावची पोरं लढली, आणि शेवटी उरलो ते एकाच तालमीतले दोघं, मी आणि हणमंत. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही खेळाचे साहेब म्हणायचो. ते म्हणाले, नाहीतरी तुमची तालीम मदतीसाठी बघायचीच आहे, शेवटची कुस्ती तुमच्याच हौद्यात होऊ द्या. त्या एका दिवशी दोन गोष्टी ठरणार होत्या. तालमीला पत्रे मिळणार की नाही, आणि आमच्या दोघांतला कोण या माळावरून उठून नगरला जाणार. राहील त्याच्या हातात खडीचा हातोडा.

हौदा मात्र वाळून दगड झाला होता. प्यायलाच पाणी नव्हतं, मातीला कुठून घालणार? टँकर एक दिवसाआड यायचा. पंचांनी ठरवलं की कुस्तीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरानं एक घागर तालमीला द्यायची. आम्ही पाच-सहा पोरं काठ्या घेऊन टँकरपाशी उभे राहिलो. बायांच्या रांगेत शिव्यांना सुरुवात झाली. एक म्हातारी म्हणाली, "मानसाला मिलो आन् पैलवानाला बदाम. सरकारनं न्याव केला बगा." हशा झाला, पण तो चांगला हशा नव्हता. किसन नावाच्या माणसानं घागर द्यायला नकार दिला आणि मला ढकललं. मी काठी टाकली आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली. त्याचा ओठ फाटून दातात अडकला. तो खाली बसला तरी मी आणखी दोन मारल्या. मला थांबवायला त्याच्या बायकोनं घागर फिरवली ती माझ्या भुवईवर बसली. तो व्रण अजून आहे, आणि शाळेतली पोरं विचारतात तेव्हा मी कुस्तीत लागलं असं सांगतो. रक्त आणि पाणी एकत्र चिखलात वाहत होतं, आणि दोन बाया त्या चिखलात फडकी बुडवून पिळून घेत होत्या.

भांडण मिटवलं ते हणमंताच्या आईनं, गोदामावशीनं. तिनं आपली पितळी घागर आणून माझ्या पायाशी ठेवली. घागरीच्या बुडाला भोक बुजवायला डाग दिलेला होता. "घे," ती म्हणाली, "माझं पोरगं पडायचंय त्या मातीवर. ती मऊ ऱ्हाऊ दे." मग बाकीच्यांनीही मुकाट्यानं घागरी दिल्या.

संध्याकाळी हणमंत खडीवरून थेट तालमीत आला. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ होती. आम्ही रेघ ओढली, घागरी वाटून घेतल्या. त्यानं आपला अर्धा भाग उकरला. दमून दोनदा तो फावड्यावर रेलून डोळे मिटून उभा राहिला. पण हौदा हात घालून बघितल्याशिवाय गेला नाही. माझं काम मागं राहिलं होतं, कारण डोक्याला फडकं बांधून मी उगाच रेंगाळलो होतो. दाराजवळचा पूर्वेचा कोपरा आणि दोन घागरी उरल्या. तेव्हा भिंतीपलीकडून म्हैस ओरडली.

त्याच सकाळी ती आटली होती. आबांनी तिच्या सडांना हात लावून पाहिला होता आणि दावं काढून ते माझ्याच पाठीवर ओढलं होतं. तुझ्यापायी ठेवली, तूच तिला उपाशी मारतोयस, म्हणाले. तिचं ओरडणं ऐकताना पाठीवरचे वळ मला पुन्हा जाणवले. घरी कुणी नव्हतं, आई आणि आबा बहिणीला घेऊन खडीवरून परस्पर रेशनला गेले होते. मी दोन्ही घागरी उचलल्या आणि म्हशीपुढं घमेल्यात ओतल्या. दुसरी पितळेची होती, बुडाला डाग दिलेली. मी ती ओळखली. ओतताना हात थांबला, आणि तरी मी ओतली. म्हशीनं पाणी असं ओढलं की घमेल्याचा तळ तिच्या जिभेखाली खरवडत राहिला. मग मी तालमीत गेलो आणि तो कोपरा वरवर खरवडला. त्यावर मऊ माती दोन बोटं पसरली. पायानं सारखी केली, आणि रेघ पुसली.

एवढंच असतं तर तो एका तहानलेल्या जनावरासाठी केलेला गुन्हा ठरला असता. पुढचं तसं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी तालमीभोवती जमली. खडीचं काम त्या दिवशी बंद ठेवलं होतं. हलगी वाजत होती. खेळाचे साहेब बारीक अंगाचे, चष्म्यावर धूळ, हातात फाईल. त्यांनी बूट काढून हौद्याच्या पश्चिमेला पाय घालून पाहिला आणि मान डोलावली. दुष्काळातही हौदा छान ठेवला आहे म्हणाले. वस्तादांचं तोंड मी तेवढं फुललेलं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही एकमेकांच्या हातावर माती दिली, शड्डू ठोकले. पहिल्या झटक्यातच हणमंतानं माझा पट काढला, पाय ओढून मला पालथा पाडला. त्याचा गुडघा माझ्या बरगडीत रुतला, श्वास तुटला. मी कसाबसा वाचलो. त्याचं डोकं माझ्या भुवईवर आपटलं, फडकं सुटलं आणि रक्त डोळ्यात आलं. मी त्याच्या मानेवर कोपर मारलं, ते नियमात नव्हतं. साहेबांनी शिट्टी वाजवली. परत उभे राहिलो. तो दमलेला असूनही मला हळूहळू खाली घेत होता. लोक त्याच्या नावानं ओरडायला लागले होते. माझी बहीणही ओरडत होती, पण कुणाच्या नावानं ते मला कळलं नाही.

तेव्हा मला कोपरा आठवला. हे लिहिताना मी स्वतःला कुठलीच पळवाट देत नाही. मला तो आठवला, आणि मी मागं सरकायला लागलो. मी दमलोय असं दाखवत एकेक पाऊल पूर्वेकडं घेत गेलो, आणि तो भोळेपणानं माझ्यामागं आला. पायाखाली कठीण लागलं तेव्हा मी त्याचा हात बगलेत धरला, कंबर आत घातली आणि ढाक मारली. तो माझ्या पाठीवरून गेला आणि उजव्या खांद्यावर पडला, आणि मी माझ्या सगळ्या वजनासकट त्याच्यावर पडलो. वाळलेलं तुरीचं खोड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. हलगी आणखी थोडा वेळ वाजत राहिली, कारण हलगीवाल्याला तो ऐकू गेला नव्हता. हणमंत ओरडला नाही. त्याच्या तोंडात माती गेली होती आणि तो ती थुंकत होता. त्याचा दंड खांद्यापासून भलत्याच बाजूला वळला होता. गोदामावशी हौद्यात धावली. बाईनं हौद्यात पाय ठेवायचा नाही असा नियम होता, पण त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.

वस्तादांनी तिथंच खांदा ओढून बसवला. चार जणांनी हणमंताला दाबून धरलं होतं, त्यातला एक मी. तेव्हा मात्र तो ओरडला, आणि त्यानं माझ्या हाताचा चावा घेतला. बांबूच्या कामट्या बांधून त्याला तालमीच्या ओसरीवर खाटेवर निजवलं. साहेबांनी फाईल मिटली. निवड माझी झाली होती, पण हौद्यात पोरगं असं मोडत असेल तर तालमीला मदत देण्याची शिफारस आपण करणार नाही, असं ते वस्तादांना म्हणाले.

साहेबांची जीप गेल्यावर वस्तादांनी फावडं उचललं आणि त्या कोपऱ्यात मारलं. फावडं दगडावर आपटावं तसं वाजलं. ते वळले. "ह्यो कोपरा कोनाच्या वाटनीचा?"

मी म्हणालो, "हणम्याच्या."

वस्ताद ओसरीवर गेले. हणमंत खाटेवर दात आवळून पडला होता. त्यांनी त्याच्या तोंडात मारली. मोडक्या माणसाला, उताणा पडलेला असताना. "दुसऱ्यासाठी कोपरा कच्चा ठेवलास," ते म्हणाले, "आन् सोताच त्यात पडलास. पुन्ना हितं पाय ठिवू नगंस." त्यांचा आवाज फाटला होता. त्यांनी आयुष्यात कुणाला तालमीबाहेर काढलं नव्हतं. हणमंतानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग स्वतःच्या चिरा पडलेल्या बोटांकडं पाहिलं. मी दारात उभा होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ते रागानं नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं पाहिलं.

मी नगरला गेलो. पहिल्या सकाळी माझ्यापुढं दुधाचा पेला आणि भिजवलेले बदाम आले, आणि मी ते खाल्ले. ओकलो वगैरे नाही. चांगले लागले. त्या निवडीवरच मला पुढं शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी लागली. आज शाळेच्या क्रीडा अनुदानाचे अर्ज माझ्याच टेबलावरून जातात, आणि त्यात एक रकाना असतो, मैदान सुरक्षित आहे काय. तिथं 'होय' लिहिण्याआधी मी मैदानावर अनवाणी फिरून येतो. पोरं मला हसतात. हणमंताचा खांदा तिरका बसला, हात छातीच्या वर कधी गेला नाही. वस्ताद काही वर्षांनी वारले, त्याच समजुतीत. तालमीचं छप्पर पत्र्याविना पडलं. सुट्टीत मी घरी जायचो ते ऊसतोडीच्या हंगामातच, म्हणजे हणमंत गावात नसायचा. हे मी ठरवून करत होतो.

मागच्या हिवाळ्यात मी बेलापूरच्या बाजूला, कारखान्याजवळ ऊस तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, आहेत तिथं त्याला शोधत गेलो. बायको ऊस तोडत होती आणि तो मोळ्या बांधत होता, डाव्या हातानं आणि दातानं. उजवा हात पोटाशी धरलेला. मला पाहून त्यानं दातातलं वाढं, मोळी बांधायची उसाची हिरवी पात, सोडलं. "ये मास्तर," म्हणाला, "लई वाळलास की. सरकारचे बदाम संपले का काय?" त्यानं पाचटावर गोणपाट टाकलं, बायकोनं कोरा चहा केला. गावचं, पोरांचं, पावसाचं बोलणं झालं. वाटेत एसटीत मी माझं वाक्य पाठ केलं होतं. कोपरा माझ्याकडून कोरडा राहिला, पाणी पुरलं नाही, दुष्काळ होता. तेवढंच मी सांगणार होतो.

मी त्या कुस्तीचं नाव काढलं तसा तोच बोलायला लागला.

"त्याचं मला लई वाईट वाटतं बग," तो म्हणाला. "खडी फोडून आल्तो त्या दिशी. डोळं मिटत हुतं. मला वाटतं मी समदं उकरलं, पन वस्ताद म्हनलं मंजी कोपरा माझ्याच हातनं ऱ्हायला आसनार. वस्ताद खोटं कशाला बोलंल? किती येळा आठवून बगितलं. त्या जागी तू पडला असतास तर, ह्याचंच भ्या वाटायचं. तुला कदी तोंड दाखवावं वाटलं न्हाई."

त्याची बायको चुलीत पाचट सारत होती, ती थांबली. इतकी वर्षं तो मला टाळत होता आणि मी त्याला. माझं पाठ केलेलं वाक्य मला आठवेना. मी गोणपाटावरून उठून त्याच्यापुढं जमिनीवर बसलो.

"न्हाई हणमा," मी म्हणालो. "तुझी माती मऊ हुती. तू हात घालून बगितलीस, मी पाह्यलं. कोपरा माझा हुता. त्याचं पानी मी आमच्या म्हशीला पाजलं, त्यात तुझ्या आईची घागर हुती, आन् ती मी वळखली हुती. कोपरा कोरडा हाय हे मला ठावं हुतं. तू जिकायला लागलास म्हनून तुला तिकडं मी नेलं, जानून नेलं. वस्तादांना खोटं मीच सांगितलं. त्यांनी तुला मारलं तवा मी दारात हुतो आन् बोललो न्हाई. तुझं काईच चुकलं न्हवतं. माझं चुकलं, हणमा. मला माफ कर."